मेमोतली पाच मिनिटं: एका क्लेम डेस्कच्या ओव्हरटाइमचं प्रकरण

२०२४ च्या सप्टेंबरात एका खासगी सर्वसाधारण विमा कंपनीच्या पुण्यातल्या एचआर विभागाने मला एक मेमो वाचायला पाठवला. सोबत निरोप होता, "जरा धार काढून द्या." कामगार कायद्याचा सल्ला देणाऱ्याकडे अशी कामं येतातच. मेमो होता आरोग्य विम्याच्या कॅशलेस डेस्कवर, म्हणजे रुग्णालयाची बिलं परस्पर मंजूर होतात तिथे, फाइली तपासणाऱ्या एका डॉक्टरांना. कंपनीचं नाव देत नाही, माणसांची ओळख पटेल असे तपशीलही बदलले आहेत. हिशेबाची रीत मात्र होती तशीच ठेवली आहे.

घडलं ते एवढंच. ११ सप्टेंबर, बुधवार, गौरीपूजन. डॉक्टर बीएचएमएस, राहायला कर्वेनगरला, घरी उभ्या गौरी. त्यांनी आठवडाभर आधी अर्ध्या दिवसाची रजा मागितली होती. उत्तर आलं, "सीझन आहे, जमणार नाही." त्या आल्या, दिवसभर काम केलं, साडेसहाला लॉग आउट केलं आणि ६.३५ ला गेटवर पंच मारून निघाल्या. त्या वेळी डेस्कच्या रांगेत एकोणीस फाइली होत्या, त्यातल्या तीन त्यांच्या नावावर. दुसऱ्या दिवशी मेमो आला: पूर्वपरवानगी न घेता, प्रलंबित काम टाकून, सायंकाळी ६.३५ वाजता कार्यालय सोडल्याबद्दल खुलासा करावा.

डेस्कची वेळ साडेनऊ ते साडेसहा. म्हणजे ड्यूटी संपल्यावर पाच मिनिटांनी बाई बाहेर पडल्या, हे कंपनीने स्वतःच लेखी दिलं होतं. खुलासा मेमोपेक्षा लहान होता. हजेरीच्या ॲपमधून काढलेली जुलै-ऑगस्टच्या पंचिंगची यादी, आणि वर दोन ओळी: "माझी ड्यूटी साडेसहाला संपते. त्यानंतर थांबण्यासाठी मी आजवर कोणाची परवानगी घ्यायला हवी होती, ते कळवावे."

याच्यापुढे मेमोला धार काढून काही उपयोग नव्हता. मी एचआरला म्हटलं, मेमो बाजूला ठेवा, आधी ती यादी बघू. एरवी हे त्यांनी कितपत ऐकलं असतं, शंकाच आहे. पण पुण्यातच एका मोठ्या सल्लागार कंपनीत काम करणाऱ्या तरुण सनदी लेखापाल मुलीच्या मृत्यूनंतर तिच्या आईने लिहिलेलं पत्र त्याच सुमारास देशभर गाजत होतं. कोणत्याच एचआरला तेव्हा "कामाचे तास" या विषयावर नवी भानगड नको होती.

बिलं संध्याकाळीच का येतात

बाहेरच्या माणसाला वाटतं, विमा कंपनीत उशिरापर्यंत थांबावं लागतं कारण काम जास्त आहे. या डेस्कवर काम जास्त होतंच. जूनअखेर एरंडवण्यात झिकाचे रुग्ण सापडल्यापासून लोक धास्तावलेले होते, डेंगी आणि चिकुनगुन्या जोरात होते. त्यात २५ जुलैला सिंहगड रस्त्यावर एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा बुडालेल्या गाड्यांचे क्लेम उपसायला डेस्कवरची दोन माणसं मोटर विभागाने "थोड्या दिवसांसाठी" नेली होती आणि ती अजून परत आली नव्हती. पण खरं दुखणं कामाच्या आकारात नव्हतं, ते येण्याच्या वेळेत होतं.

रुग्णालयाचा दिवस असा चालतो. मोठे डॉक्टर राउंडला येतात दहा ते बाराच्या मध्ये. "आज घरी जा" असं ते सांगतात, तेव्हापासून डिस्चार्जची चक्रं फिरायला लागतात. निवासी डॉक्टर समरी लिहिणार, उरलेली औषधं फार्मसीत परत जाणार, लॅबचे शेवटचे रिपोर्ट जोडले जाणार, व्हिजिट फीचे आकडे बिलिंगला कळणार. हे सगळं होऊन फायनल बिल विमा कंपनीकडे येतं ते तीन वाजल्यानंतर. चार ते आठ ही गर्दीची वेळ. सकाळी दहाला याच डेस्कवर माणसं चहा पीत जुन्या क्वेऱ्या निस्तरत असतात.

मी रांगेच्या सॉफ्टवेअरमधून तासागणिक किती फाइली येतात याचा आलेख काढून मागितला. हे मागायला बाहेरचा माणूस यावा लागला, याचं मला अजून नवल वाटतं. सकाळचा भाग जमिनीला टेकलेला, साडेतीननंतर चढ सुरू, सहाच्या आसपास शिखर. आणि नेमक्या साडेसहाला, म्हणजे उतार सुरू होण्याआधीच, डेस्कची अधिकृत वेळ संपत होती.

यात २९ मे २०२४ च्या विमा नियामकाच्या परिपत्रकाने घड्याळ बसवलं. कॅशलेसच्या पहिल्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा आणि डिस्चार्जची अंतिम मंजुरी विनंती आल्यापासून तीन तासांत द्यायची. तीन तासांपुढे गेलं आणि रुग्णालयाने त्याचे जादा पैसे लावले, तर ते कंपनीने भागधारकांच्या निधीतून भरायचे. तयारीसाठी ३१ जुलैपर्यंतची मुदत होती. नियम चांगला आहे. रुग्ण बरा होऊन कपडे बदलून बसलाय आणि कागद अडलाय म्हणून खाटेवरून हलता येत नाही, हा छळ आपल्यापैकी अनेकांनी पाहिलाय. पण सहाला आलेल्या बिलाची मुदत रात्री नऊला संपते आणि डेस्क साडेसहाला बंद होतं, हे गणित कोणत्या माणसांनी सोडवायचं, ते कंपनीत कोणी ठरवलंच नाही. न ठरवता जे होतं तेच झालं. सगळे थांबायला लागले.

थांबून नेमकं काय करायचं असतं, हे एका फाइलीवर पाहिलं. वेळ सहा दहा, डेंगी, सहा दिवस दाखल, त्यातले दोन आयसीयूत. पॉलिसीत खोलीभाड्याची मर्यादा रोज ५,००० रुपये, घेतलेली खोली ८,००० ची. चार दिवसांच्या ३२,००० भाड्यातले २०,००० मान्य, हे सोपं. पण भाड्याच्या त्याच प्रमाणात, म्हणजे आठास पाच, संलग्न खर्चही कापायचे असतात. व्हिजिट फी वगैरे धरून २४,००० होते, त्याचे १५,०००. औषधं, डिस्पोजेबल वस्तू आणि तपासण्या यांना ही कात्री लावायची नाही, आयसीयूच्या भाड्यालाही नाही. आता रुग्णालयाने नर्सिंग चार्जेस खोलीभाड्यात धरलेत की वेगळे लावलेत? बिलात दोन्हीकडे दिसतंय. क्वेरी टाकली. बिलिंगमधून फोन: "मॅडम, पेशंटचे मिस्टर काउंटरवर उभे आहेत, काय सांगू त्यांना?" बाजूच्या स्क्रीनवर घड्याळ पिवळं होऊन लालकडे निघालेलं. चुकीची मंजुरी दिली तर ऑडिटमध्ये नाव येतं, उशीर झाला तर टॅटमध्ये, म्हणजे फाइल किती वेळात निकाली निघाली त्याच्या हिशेबात. एका फाइलीला पस्तीस मिनिटं गेली. अशा तीन फाइली टाकून बाई निघाल्या होत्या, आणि त्या तिन्ही शेजारच्या सहकाऱ्याने पावणेनऊपर्यंत थांबून संपवल्या. तो सहकारी त्यांच्यावर चिडलेला होता, कंपनीवर नाही. फुकटच्या ओव्हरटाइममध्ये हे नेहमी होतं: भांडण वर जात नाही, शेजारच्या खुर्चीतच पेटतं.

पंच मारून बसा

यादीकडे येतो. जुलैच्या पहिल्या पंधरवड्यात डॉक्टरांच्या बाहेर पडण्याच्या वेळा ८.४०, ८.५५, ९.१० अशा होत्या. मग अचानक १८ जुलैपासून रोज ६.३०, ६.३२, ६.३१. एखाद्याला वाटेल, सुधारणा झाली. पण रांगेच्या सॉफ्टवेअरमध्ये त्यांच्या लॉगिनवरून त्याच दिवशी रात्री ८.५० ला मंजुऱ्या गेलेल्या. उलगडा डेस्कवरच्या एका मुलाने केला: "सरांनी सांगितलं होतं, साडेसहाला खाली जाऊन पंच मारा आणि वर येऊन बसा. रिपोर्टमध्ये लाल दिसतं म्हणे." ऑगस्टच्या मध्यावर गेटची यंत्रणा बदलली, एकदा बाहेरचा पंच मारला की आत येणाऱ्याची नोंद पुन्हा पडायला लागली, आणि ही युक्ती संपली.

मला कोणाला दुष्ट ठरवायचं नाही. मधल्या फळीतल्या त्या साहेबांना वरून दोन निकष होते, टॅट हिरवा ठेवा आणि जादा तास शून्य दाखवा. दोन्ही एकदम जमवायचा एकच रस्ता होता आणि तो त्यांनी शोधला.

मग वेळापत्रकच तपासलं. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना (नोकरीचे व सेवाशर्तींचे विनियमन) अधिनियम, २०१७, म्हणजे आपला शॉप ॲक्ट. त्यात तेव्हा दिवसाला ९ आणि आठवड्याला ४८ तासांची मर्यादा होती. सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती. विश्रांतीसकट दिवसाचा पसारा साडेदहा तासांपेक्षा जास्त नको, तातडीचं काम असेल तर बारा. मर्यादेपलीकडच्या कामाला दुप्पट दराने मोबदला, आणि असं काम तीन महिन्यांत १२५ तासांपेक्षा अधिक नाही.

साडेनऊ ते साडेसहा म्हणजे नऊ तास. अर्धा तास जेवण वजा केलं की साडेआठ. कंपनीत दुसरा-चौथा शनिवार सुट्टी, बाकीचे शनिवार पूर्ण. पाच दिवसांच्या आठवड्यात साडेबेचाळीस तास, पण कामाचा शनिवार आला की साडेआठ गुणिले सहा, एक्कावन्न. म्हणजे कोणी एक मिनिट जास्त थांबलं नाही तरी त्या आठवड्यात तीन तास ओव्हरटाइम वेळापत्रकातच शिवून दिलेला.

एचआरने लगेच हस्तपुस्तिका पुढे केली. जेवणाची सुट्टी एक तास, १ ते २. आठ गुणिले सहा अठ्ठेचाळीस, बसलं गणित! मी परत सॉफ्टवेअरकडे गेलो. १ ते २ या तासात डेस्कवरून रोज मंजुऱ्या जात होत्या, जवळजवळ प्रत्येकाच्या लॉगिनवरून. एका तासात निर्णय द्यायचा नियम असल्यावर कॅशलेसला लंच टाइम चालत नाही. माणसं आळीपाळीने वीस-पंचवीस मिनिटांत डबा खाऊन जागेवर येत होती, काही जण कीबोर्डशेजारीच. हस्तपुस्तिकेतला तास कागदावर होता, पोळीभाजीला त्यातलं अर्धंच मिळत होतं. हा मुद्दा त्यांनी पुन्हा काढला नाही.

त्या वेळच्या नियमाने साडेनऊला आलेल्या माणसाचा साडेदहा तासांचा पसारा रात्री आठला संपायचा. त्यापुढे दुप्पट पैसे दिले तरी थांबवता येत नव्हतं, जोवर काम तातडीचं असल्याचं दाखवता येत नाही. आणि तातडीचा बारा तासांचा पसारा धरला, तर तो साडेनऊला संपायचा. रात्री साडेनऊनंतर महिला कर्मचाऱ्याला तिच्या संमतीशिवाय आणि घरी पोचवण्यासकटच्या सुरक्षिततेच्या सोयींशिवाय कामावर ठेवता येत नाही. डेस्कवर निम्म्याहून जास्त मुली आणि बाया. रात्री नऊ-सव्वानऊला येरवड्याहून निघून कोणी हडपसरला, कोणी चिंचवडला जायचं. मेट्रोने वनाजला उतरून पुढे रिक्षा, नाहीतर नवऱ्याला फोन. कंपनीची गाडी? ती फक्त "नाइट शिफ्ट"साठी, आणि कागदोपत्री तिथे नाइट शिफ्ट नव्हतीच.

असिस्टंट मॅनेजर कोणाचे?

यानंतर अपेक्षित आक्षेप आला. हे सगळं कामगारांसाठी, आमचे डॉक्टर तर असिस्टंट मॅनेजर आहेत. शॉप ॲक्टमधून गोपनीय, व्यवस्थापकीय आणि पर्यवेक्षकीय पदांना वगळलंय, हे खरं. पण त्यासाठी त्या पदांची यादी आस्थापनेच्या संकेतस्थळावर लावायची असते, संकेतस्थळ नसेल तर ठळक जागी, आणि तिची प्रत सुविधाकाराला, म्हणजे पूर्वीच्या शॉप इन्स्पेक्टरला, द्यायची असते. अशी यादी कुठे आहे विचारल्यावर बैठकीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

यादी असती तरी प्रश्न सुटला नसता. या डॉक्टरांच्या हाताखाली कोणी नाही. त्या कोणाची रजा मंजूर करत नाहीत, कोणाचं मूल्यमापन करत नाहीत, ठराविक रकमेपुढची मंजुरी स्वतःच्या सहीने देऊ शकत नाहीत. औद्योगिक विवाद कायद्याखाली सर्वोच्च न्यायालयाने १९८५ मध्ये, अर्कल गोविंद राज राव विरुद्ध सिबा गायगी या प्रकरणात, माणसाचं मुख्य काम काय ते पाहा, पदाचं नाव पाहू नका, असं सांगितलंय. शॉप ॲक्टमधली कामगाराची व्याख्या कुशल, तांत्रिक, कार्यचालनविषयक आणि कारकुनी काम करणाऱ्यांना धरून आहे. क्लेमची फाइल वैद्यकीय नजरेने तपासणं हे तांत्रिक काम, असं माझं मत. कोर्टात याला दुसरी बाजू उभी करता येईल, आणि कंपनीच्या वकिलांनी ती केलीही असती. पण विमा क्षेत्रात मॅनेजर हे पद दिवाळीच्या फराळासारखं वाटलं जातं, हे त्या खोलीतल्या प्रत्येकाला माहीत होतं. एक्झिक्युटिव्हला पगारवाढ देता आली नाही की असिस्टंट मॅनेजर करायचं, ही जुनी सोय आहे.

डेस्कवरच्या दोघा-तिघांनी मधल्या काळात तक्रार कुठे करायची याची चौकशी केली होती आणि गोंधळून परत आले होते. विमा कंपनीच्या औद्योगिक विवादासाठी "समुचित शासन" म्हणजे केंद्र, त्यामुळे केंद्रीय सहायक कामगार आयुक्तांकडे जावं लागतं. शॉप ॲक्टखालचे तास आणि दुप्पट वेतन मात्र राज्याच्या कामगार विभागाकडे. दोन्हीकडच्या शिपायांनी त्यांना दुसरीकडे पाठवलं होतं.

बैठक

ऑक्टोबरच्या सुरुवातीला क्लेम्सच्या प्रमुखांनी डेस्कवरच्या चौघांना बोलावलं. त्यात त्या डॉक्टरही होत्या. प्रमुख सरकारी विमा कंपनीत आयुष्य काढून आलेले, माणूस म्हणून सज्जन, डेस्कवर त्यांना मान.

"आम्हीही थांबलोच की," ते म्हणाले. "मार्च एंडिंगला लेजर जुळेपर्यंत ऑफिसातच झोपलोय. कोणी विचारलं नाही ओव्हरटाइमचं."

"सर, तुमचा मार्च वर्षातून एकदा यायचा," डॉक्टर म्हणाल्या. "आमचा रोज चार वाजता येतो."

बैठकीत हशा झाला, पण सर हसले नाहीत. थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "मग तुमचं म्हणणं काय, पेशंटला बसवून ठेवायचं?"

"नाही सर. मला सकाळी साडेनऊला कशाला बोलावता, एवढंच विचारायचंय."

माझ्या मते प्रकरणाचा गाठीचा धागा हाच होता, आणि तो माझ्याआधी बाईंनी सोडवला. पण कंपनीत कोणतीही गोष्ट रुपयांत मांडल्याशिवाय पुढे सरकत नाही. म्हणून मी लेखा विभागाच्या मॅनेजरांना एक साधं उदाहरण फळ्यावर करून दाखवलं. समजा, फाइली तपासणाऱ्या एका प्रोसेसरचं महिन्याचं वेतन ३१,२०० रुपये. सव्वीस दिवसांनी भागलं, दिवसाचे १,२००. आठ तासांनी भागलं, तासाचे १५०. दुप्पट दर ३००. रोज दोन तास, महिन्याचे चोवीस दिवस, झाले १४,४००. म्हणजे दोन माणसांना रोज थांबवलं की जवळजवळ आणखी एका माणसाचा पगार जातो. पूर्ण डेस्कला लावून बघा.

लेखा मॅनेजर बराच वेळ फळ्याकडे बघत होते. मग त्यांनी जो प्रश्न विचारला तो तीन वर्षांत कोणीच विचारला नव्हता: "पण सकाळी दहाला ही सगळी मंडळी काय करतात?"

जोवर थांबण्याला किंमत नव्हती, तोवर हा प्रश्न विचारायचं कोणाला कारणच नव्हतं. फुकटचे तास चुकीचं वेळापत्रक झाकून ठेवतात. एकदा त्या तासांना ३०० रुपयांचं लेबल लागलं आणि महिन्याभरात वेळापत्रक बदललं. कामगारहिताची भाषा मी तीन बैठका बोलत होतो, काम लेखा विभागाने केलं. याचं वाईट वाटून घेण्यात अर्थ नाही.

काय बदललं

नोव्हेंबरपासून डेस्क दोन पाळ्यांत विभागलं. निम्म्याहून कमी लोक साडेनऊ ते साडेसहा, बाकीचे साडेअकरा ते साडेआठ. साडेआठनंतरच्या फाइली आधीपासूनच मध्यवर्ती रात्रपाळीकडे जात होत्या, त्यात बदल नाही. उशिराच्या पाळीतल्या महिलांना घरापर्यंत गाडी. कामाच्या शनिवारी वेळ दीड तासाने कमी करून बाकीचे जादा तास मोबदल्यात धरले. थांबायचं असेल तर डेस्कप्रमुखाची ॲपवर मंजुरी आणि त्या मंजुरीबरोबर आपोआप ओव्हरटाइमची नोंद. पंच मारून बसायचं नाही, हे लेखी परिपत्रकात आलं. त्या वाक्यासाठी मी हट्ट धरला होता.

साडेअकराच्या पाळीला विरोध होईल असं एचआरला वाटत होतं. झाला, पण भलत्याच लोकांकडून. लग्न न झालेली मुलं कुरकुरली, कारण संध्याकाळ जाते. ज्यांच्या घरी शाळेत जाणारी मुलं, त्यांनी ती पाळी मागून घेतली. सकाळी डबा, शाळेची बस, सासूबाईंची औषधं, कामवालीला सूचना, सगळं आटोपून अकराला निघता येतं. एक जण विमा संस्थेच्या फेलोशिपच्या परीक्षांचा अभ्यास सकाळी करायला लागला. आणि त्या डॉक्टरांनी पहिलीच पाळी घेतली, त्यांना साडेसहालाच निघायचं होतं.

रुग्णालयांशी बोलण्याचा उपाय अर्धाच चालला. ठरवून होणाऱ्या शस्त्रक्रियांच्या डिस्चार्जचं कच्चं बिल आदल्या संध्याकाळी पाठवा, अशी विनंती नेटवर्कमधल्या रुग्णालयांना केली. मोतीबिंदू, गुडघे, हर्निया यात ते जमलं. तापाच्या रुग्णात नाही, कारण तिथे प्लेटलेट किती आल्या ते सकाळीच कळतं. एका मोठ्या रुग्णालयाच्या बिलिंगप्रमुखांनी स्पष्टच सांगितलं, "आमचे कन्सल्टंट व्हिजिटचे आकडे शेवटच्या क्षणी देतात. त्यांना आम्ही सांगू शकत नाही, तुम्ही सांगून बघा." अर्थातच कोणी सांगितलं नाही.

जे सुटलं नाही तेही मांडायला हवं. मागच्या तिमाहीचं काय? जुलै-सप्टेंबरमध्ये १२५ तासांची रेषा ओलांडणारे चार जण गेटच्या आणि लॉगिनच्या नोंदी जुळवल्यावर निघाले. कंपनीने एक्झिक्युटिव्ह पातळीवरच्यांना "सीझन भत्ता" या नावाने एकरकमी पैसे दिले, हिशेबापेक्षा कमी. असिस्टंट मॅनेजरांना पैसे नाहीत, कॉम्प-ऑफ, म्हणजे बदली सुट्टी. मी हे मान्य करू नका असं लिहून दिलं होतं. लोकांनी मान्य केलं, कारण नोकरी करायची होती आणि हातात काहीतरी पडत होतं. ओव्हरटाइम हा शब्द त्या व्हाउचरवर कुठेही नाही, याला माझ्या लेखी पळवाट म्हणतात. मेमो मागे घेतल्याचं पत्रही कधी निघालं नाही. "पुढील कार्यवाही नाही" एवढा शेरा फाइलीत पडला.

व्हॉट्सॲप ग्रुप तर कोणत्याच पाळीत बसत नाही. साडेनऊच्या पाळीतल्या माणसाला रात्री नऊला "ही केस तुम्ही पाहिली होती ना?" असं विचारलं की तो उत्तर देतो, आणि त्याची नोंद कुठेच होत नाही. कामाच्या वेळेनंतर फोन-ईमेल न घेण्याचा हक्क द्यावा, असं खासगी विधेयक बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०१८ मध्ये लोकसभेत मांडलं होतं. त्याचा कायदा झालेला नाही. डेस्कवर एवढंच ठरलं की ग्रुपवरच्या प्रश्नाला सकाळी उत्तर दिलं तर विचारणा होणार नाही. ते पाळलं जातं की नाही, हे प्रमुख कोण आहे त्यावर ठरतं.

पाडवा आणि ईद

नव्या घडीची खरी परीक्षा मार्च २०२५ मध्ये झाली. वर्षअखेरचे तीन दिवस असे आले होते: २९ ला शनिवार, ३० ला रविवारी गुढीपाडवा, ३१ ला सोमवारी रमजान ईद. आर्थिक वर्ष संपत असल्याने पॉलिसीधारकांची गैरसोय होऊ नये म्हणून नियामकाने विमा कंपन्यांना तिन्ही दिवस कार्यालयं उघडी ठेवायला सांगितलं. पॉलिसी इश्यू करणाऱ्या विभागाने नेहमीप्रमाणे क्लेम डेस्ककडे माणसं मागितली.

या वेळी पहिल्यांदा कोणी "सगळ्यांनी यायचं" असा मेल टाकला नाही. यादी आधी लागली. डेस्कवर तिघे मुस्लिम सहकारी होते. त्यांनी पाडव्याला येतो म्हटलं, आणि ज्यांच्या घरी गुढी उभारायची होती त्यांनी ईदच्या दिवशीची खुर्ची घेतली. हे एचआरने नाही, त्यांनी आपसात चहाच्या टपरीवर ठरवलं. दोन्ही सण कंपनीच्या वर्षभराच्या आठ सणांच्या सुट्ट्यांत होते. शॉप ॲक्टप्रमाणे अशा सुट्टीला बोलावलं तर त्या दिवसाचे दुप्पट पैसे आणि वर बदली सुट्टी, दोन्ही द्यावं लागतं. एचआरने आधी दोन्हींतलं एक देऊ केलं. डेस्कच्या मुलांनी कलमाची छापील प्रत पाठवली. दोन्ही मिळालं.

रविवार हा साप्ताहिक सुट्टीचाही दिवस होता, आणि बुडालेल्या साप्ताहिक सुट्टीची बदली दोन महिन्यांच्या आत द्यायची असते. मेच्या तिसऱ्या आठवड्यापर्यंत निम्म्यांनी ती घेतलेली नव्हती, कारण मागितली की "पुढच्या आठवड्यात बघू" असं उत्तर येत होतं. शेवटी डेस्कप्रमुखाने स्वतःच तारखा टाकून यादी लावली, तेव्हा ती संपली.

सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळाने शॉप ॲक्टमध्ये दिवसाची मर्यादा ९ वरून १० तास आणि तीन महिन्यांची ओव्हरटाइमची मर्यादा १२५ वरून १४४ तास करायला मंजुरी दिली. बातमी आली त्याच दुपारी कंपनीच्या एचआरचा फोन आला. दहा तास झाले तर आता दोन पाळ्या मोडून सगळ्यांना परत एकाच वेळेला बोलावता येईल का, गाड्यांचा खर्च वाचेल. मी त्यांना म्हटलं, जादा कामाचा मोबदला दुप्पटच आहे, आणि त्यांच्याच सॉफ्टवेअरमधून त्या आठवड्याचा आलेख पुन्हा काढायला सांगितलं. बिलं अजूनही चार ते आठमध्येच येत होती. पाळ्या आहेत तशा चालू आहेत.